रक्त दिलं, मग माझ्या जनुकांचा निकाल मला कधी कळणार? नागपूरच्या सहभागींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि आसपासच्या तालुक्यांतली पुष्कळ कुटुंबं वर्षानुवर्षं चालणाऱ्या आरोग्य अभ्यासांत नाव नोंदवून आहेत. दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी घरी येतं, वजन-उंची घेतं, बीपी मोजतं, रक्ताच्या दोन-तीन ट्यूब भरून नेतं. शुगर-हिमोग्लोबिनचा कागद थोड्या दिवसांत मिळतो. त्याच रक्तातल्या डीएनएचं काय झालं, ते मात्र आजवर क्वचितच कुणी सांगत असे. आता हे हळूहळू बदलतंय. जनुकीय समुपदेशक म्हणून मी अशा सहभागींसोबत बसते, आणि खालचे प्रश्न तिथे पुन्हा पुन्हा निघतात. एका अभ्यासाचे नियम दुसऱ्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, त्यामुळे तुमच्या संमतीपत्रात काय लिहिलंय तेही काढून पाहा.

रक्त देऊन आठ वर्षं झाली. आता फोन काहून आला?

तुमचं रक्त तेव्हाच संपलं नव्हतं. त्यातून काढलेला डीएनए उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवतात आणि तो वर्षानुवर्षं टिकतो. तेव्हा हजारो लोकांच्या सगळ्या जनुकांचं वाचन परवडत नव्हतं, आता परवडतं. तेव्हा ज्या बदलांचा अर्थ लागत नव्हता, त्यातल्या काहींचा आता लागलाय.

फोन आला म्हणजे घरावर संकट आलं, असं समजून रात्र जागून काढू नका. पहिल्या फोनवर एवढंच विचारलं जायला हवं की तब्येतीच्या दृष्टीने उपयोगी असं काही आढळलं, तर तुम्हाला ते कळायला हवं का? आणि हा प्रश्न सगळ्याच सहभागींना विचारायचा असतो. ज्यांच्यात काही आढळलं फक्त त्यांनाच फोन केले, तर फोनची रिंग हाच निकाल होऊन बसतो. उत्तराला वेळ मागा. दोन दिवसांनी सांगितलं तरी चालतं.

इतकी वर्षं आमच्याबद्दल माहिती होती, तर लपवून का ठेवली?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि राग रास्त आहे. जुन्या अभ्यासांची धारणाच अशी होती की सहभागी माणूस देतो, शास्त्रज्ञ घेतो आणि फायदा पुढच्या पिढीला होतो. अमेरिकेतला फ्रेमिंगहॅमचा हृदयविकाराचा अभ्यास १९४८ साली सुरू झाला, तेव्हा डीएनएची रचनासुद्धा उलगडली नव्हती. ब्रिटनच्या यूके बायोबँकेने २००६ ते २०१० या काळात ५ लाख लोकांची नोंदणी केली आणि जनुकीय निकाल व्यक्तिगत कळवणार नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकलं.

आइसलँडमध्ये मोठाच पेच झाला. डीकोड या कंपनीच्या संशोधनातून, बीआरसीए-२ या जनुकातला कॅन्सरचा धोका वाढवणारा बदल कुणाकुणात आहे ते कळू शकत होतं. पण न मागता सांगायला कायद्याची आडकाठी होती. शेवटी २०१८ साली तिथे एक संकेतस्थळ निघालं, की ज्याला जाणून घ्यायचंय त्याने स्वतः मागावं. अमेरिकेच्या 'ऑल ऑफ अस' या प्रचंड अभ्यासाने डिसेंबर २०२२ पासून आरोग्याशी संबंधित जनुकीय निकाल सहभागींना द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांचा रोख असा, की अचानक आढळलेल्या गोष्टींचं काय करायचं हे संशोधकांनी आधीच ठरवून आचारनीती समितीपुढे मांडावं आणि संमती घेताना सहभागीला सांगावं.

संशोधकांची एक अडचण खरी आहे. संशोधनाच्या प्रयोगशाळेत हजारो नमुने एकत्र चालतात, आणि ते काम एका माणसाच्या उपचाराचा निर्णय घ्यायला पुरेसं काटेकोर असेलच असं नसतं. पण अडचण होती म्हणून थांबलो, हे वेगळं आणि सहभागीला विचारायचं कधी मनातच आलं नाही, हे वेगळं. माझ्या पाहण्यात दुसरंच जास्त घडलंय.

डीएनएमध्ये सापडेल ते सगळं सांगता का?

नाही. साधारणपणे तीन गोष्टी पाहिल्या जातात. बदल आजाराला कारणीभूत आहे याचा पुरावा पक्का आहे का? आजार गंभीर आहे का? आणि कळल्यावर काही करता येतं का? या तिसऱ्या कसोटीवर पुष्कळ गोष्टी गळतात. अमेरिकेतल्या जनुकशास्त्रज्ञांच्या संघटनेने अशा 'कळवण्याजोग्या' जनुकांची यादी २०१३ साली केली तेव्हा त्यात ५६ जनुकं होती. आता ती ८० च्या वर गेली आहे. आनुवंशिक स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर, आतड्याच्या कॅन्सरचा लिंच सिंड्रोम, लहानपणापासून कोलेस्टेरॉल वाढवणारा आनुवंशिक दोष, अचानक हृदय बंद पडण्याचे काही प्रकार, असे आजार त्यात आहेत. त्या यादीच्या बळावर विदर्भातल्या माणसाचं काम भागत नाही. इथे सिकलसेल आणि थॅलसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांचे वाहक आहात का, हेही कळायला हवं. गडचिरोली-गोंदियाकडे मलेरियाच्या प्रायमाक्विन गोळीने जिच्यामुळे रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात, अशी जी-६-पी-डी या एन्झाइमची कमतरता आहे का, हेही.

एक मधला प्रकार असतो, 'अर्थ अनिश्चित' बदलाचा. जनुकात काहीतरी वेगळं दिसतं, पण ते घातक की निरुपद्रवी, हे जगात कुणालाच ठाऊक नसतं. जगातल्या जनुकीय माहितीच्या साठ्यांत भारतीय माणसं कमी आहेत, म्हणून आपल्या वाट्याला असे बदल जास्त येतात. पुढे त्यांचा उलगडा होतो तेव्हा बहुतेक निरुपद्रवीच निघतात. अशा निकालावर कुणी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला, तर ताबडतोब दुसरं मत घ्या.

मला काहीच कळवलं नाही. म्हणजे मी ठणठणीत?

असं धरून चालू नका. कदाचित तुमचा नमुना वाचलाच गेला नसेल, किंवा ठरलेल्या यादीपलीकडची जनुकं पाहिली नसतील. आई आणि मावशी दोघींना चाळिशीत स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर अभ्यासाच्या फोनची वाट पाहत बसायचं कारण नाही. डॉक्टरांना तो इतिहास सांगा आणि वेगळी तपासणी करा.

एकदा रक्त घेतलं होतं ना? मग पुन्हा काढायला का सांगता?

एका लेआउटमध्ये एकाच नावा-आडनावाच्या दोन बाया राहत होत्या, दोघींच्या वयात दोन वर्षांचं अंतर. एकीच्या नमुन्यात गंभीर बदल निघाला. कळवण्याआधी नवं रक्त घेऊन तपासलं, तर तिच्यात तो नव्हताच. फ्रीजरमधल्या ट्यूबवर लेबल हिचं होतं, आत रक्त दुसरीचं. पहिलीला आधीच सांगून बसले असते तर काय झालं असतं, हे आठवलं की अजूनही पोटात गोळा येतो. तेव्हापासून मी एकही निकाल नव्या नमुन्यावर, मान्यताप्राप्त वैद्यकीय प्रयोगशाळेत खात्री झाल्याशिवाय तोंडातून काढत नाही. तुम्हीही तशी खात्री मागा. तो तुमचा हक्क आहे.

माझं 'एएस' निघालं. मी आजारी आहे का?

नाही. तुम्ही सिकलसेलचे वाहक आहात. हिमोग्लोबिन बनवणाऱ्या एचबीबी या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. त्यातल्या एकीत एका अक्षराचा बदल आहे. दोन्हींत तो असला तर 'एसएस', म्हणजे सिकलसेलचा आजार. मग ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस दुखण्याने तळमळतो. 'एएस' माणूस शेतात राबतो, क्रिकेट खेळतो, म्हातारा होतो. फार क्वचित, शरीरातलं पाणी अगदी आटलं किंवा खूप उंच डोंगरावर गेलं तर त्रास होऊ शकतो. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत काम करणाऱ्याने पाणी पीत राहावं, ते तसंही सगळ्यांनीच करायचंय.

'एसएस' निघालं तर गोष्ट वेगळी. नागपूरच्या मेडिकल, मेयो, एम्स अशा सरकारी दवाखान्यांत नियमित दाखवायला सुरुवात करा. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने दुखण्याचे झटके खरोखर कमी होतात. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये सिकलसेलच्या आजाराचा समावेश आहे, त्याच्या प्रमाणपत्राचीही चौकशी करा. वाहकांना ते लागू नाही.

नवऱ्याची सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह आहे. मग मुलांची काळजी नाही ना?

इथे फार लोक फसतात, म्हणून थोडं सविस्तर सांगते. सोल्युबिलिटी टेस्ट फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. ती 'एएस' आणि 'एसएस' यांत फरक करत नाही, आणि थॅलसेमियाचा वाहक तिला दिसतच नाही. समजा तुम्ही सिकलसेलच्या वाहक आणि नवरा बीटा थॅलसेमियाचा वाहक. त्याची सोल्युबिलिटी निगेटिव्हच येणार. पण दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत मुलात गेली, तर त्याला सिकल-बीटा थॅलसेमिया होऊ शकतो, आणि तो 'एसएस'इतकाच त्रासदायक असू शकतो. सिंधी समाजात थॅलसेमियाचे वाहक तुलनेने जास्त आहेत, त्यामुळे नागपुरातल्या सिंधी वस्तीच्या जरीपटक्यात ही गोष्ट घराघरात ठाऊक असते. पण थॅलसेमिया इतर समाजांतही आढळतो. म्हणून दोघांचीही एचपीएलसी, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी, करा. गेल्या तीन महिन्यांत कुणाला रक्त चढवलं असेल तर ते आधी सांगा, नाहीतर रक्तदात्याचं हिमोग्लोबिन मिसळून निकाल फसवा येतो.

दोघंही वाहक असाल तर प्रत्येक गर्भाच्या वेळी आजाराची शक्यता २५ टक्के असते. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुरक्षित, असा हिशेब नसतो. गर्भाची तपासणी नोंदणीकृत केंद्रात, साधारण ११व्या आठवड्यापासून होऊ शकते. दिवस राहिल्याबरोबर या. पाचव्या महिन्यात आलात तर हातात वेळ उरत नाही.

मुलीचं लग्न जमतंय. समोरच्यांना सांगू का?

एका गावच्या शिबिरात निकाल माइकवर वाचून दाखवले होते. नाव, आडनाव आणि 'वाहक'. त्यात एक मुलगी होती, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. आठवड्याभरात तिची ठरलेली सोयरीक मोडली. मुलाचं रक्त कुणी तपासलंच नव्हतं. तिची आई माझ्याकडे आली तेव्हा तो कागद चार घड्यांवर फाटायला आला होता आणि एका कोपऱ्याला हळद लागली होती. "मॅडम, पोरीत काय खोट आहे ते सांगा," एवढंच ती म्हणत राहिली. खोट नव्हतीच. ज्याने माइक हातात घेतला त्याचं चुकलं होतं.

तेव्हा माझं उत्तर असं. मुलगी सज्ञान असेल तर निकाल तिचा आहे. सांगायचं की नाही, कधी, कुणाला, हे तिने ठरवायचं. सांगण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे दोघांनी एकाच दिवशी तपासणी करून घेणं. मग कोण कुणाला तपासतंय, असा प्रश्नच उरत नाही. एक वाहक आणि दुसरा पूर्ण सामान्य असेल तर मुलं जास्तीत जास्त वाहक होतील, आजारी होणार नाहीत. दोघंही वाहक निघाले तरी लग्न करू नका असं मी कुणाला सांगत नाही. पुढचे मार्ग समोर ठेवते आणि निर्णय त्यांच्यावर सोडते.

हा आजार आमच्याच समाजात काहून?

विचारणाऱ्याच्या आवाजात अपमान असतो, म्हणून नीट ऐका. सिकलसेलची एक प्रत असणाऱ्या बाळांचा जीवघेण्या मलेरियापासून बचाव होतो. ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता, तिथे हा बदल टिकला आणि वाढला. आफ्रिकेत, अरबस्तानात, आपल्या जंगलपट्ट्यातही. भारतात याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीत झाली. पुढे विदर्भातल्या अनेक आदिवासी, अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांत तो आढळला. आडनावावरून कुणाला वाहक ठरवू नका आणि कुणाला वगळूही नका. २०२३ च्या १ जुलैला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेचं उद्दिष्ट ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचं ठेवलं गेलं.

बीआरसीए निघालंय. मी पुरुष आहे, माझा काय संबंध?

पुष्कळ आहे. हा बदल वडिलांकडूनही मुलीकडे जातो, प्रत्येक अपत्यात ५० टक्के शक्यतेने. बदल असलेल्या बाईला ८० व्या वर्षापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास जाते. पुरुषालाही प्रोस्टेटच्या आणि क्वचित स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. बहिणी, मुली, पुतण्या यांना कळणं गरजेचं आहे.

मला कळूच नये असं वाटत असेल तर?

मग तसं स्पष्ट सांगा. कुणीही तुम्हाला भाग पाडू शकत नाही. एक काकाजी मला म्हणाले, "बाई, माझे जितके दिवस उरलेत ते मला मोजायचे नाहीत." मी फॉर्मवर 'नाही'ची खूण करून घेतली आणि आम्ही चहा प्यालो. पुढे मन बदललं तर खूण बदलता येते. फक्त, तुमच्यामागे मुलंबाळं असतील तर नाही म्हणण्याआधी त्यांचा एकदा विचार करा, एवढं मी आवर्जून म्हणते.

माझा निकाल तुम्ही सासरच्यांना, भावांना सांगाल का?

तुमच्या परवानगीशिवाय नाही. नातेवाइकांना सांगणं गरजेचं असेल तर आम्ही एक छोटं पत्र लिहून देतो. त्यात तुमचं नाव न घालता, कोणती तपासणी करावी एवढंच लिहिता येतं. ते कुणाच्या हातात द्यायचं, तुम्ही ठरवा. घरी भेट नको असेल तर तसं सांगा. सून सासूसमोर कधीच मोकळं बोलत नाही, हे अनुभवाने शिकलेय.

बाबांनी रक्त दिलं होतं. ते आता नाहीत. मला कळेल?

त्यांनी संमतीपत्रात घरच्यांना कळवायला हो म्हटलं असेल तर मागता येईल. पण त्याहून सरळ रस्ता आहे. तुमचीच तपासणी करा. त्यांचा बदल तुमच्यात आला की नाही, हे तुमचंच रक्त सांगेल.

लहान मुलांचे निकाल?

बालपणीच उपचार करता येतील ते निकाल आईवडिलांना देतात. मोठेपणी होणाऱ्या आजारांचे १८ वर्षांपर्यंत देत नाहीत. आईवडिलांना हे कठोर वाटतं, मला मात्र पटतं. दहा वर्षांच्या पोरीच्या पाठीवर कॅन्सरच्या धोक्याचं ओझं कशाला? १८ पूर्ण झाले की अभ्यासाने त्या मुलाची स्वतःची संमती नव्याने घ्यायला हवी.

मूल कुणाचं, हे यातून बाहेर येतं का?

कुटुंबाचे नमुने एकत्र तपासले तर दिसू शकतं. ते कळवायचं नसतं, आणि मी कळवत नाही.

विमा किंवा नोकरी अडेल का?

फक्त जनुकीय निकालावरून भेदभाव करू नका, असं सांगणारा स्वतंत्र कायदा भारतात नाही. अमेरिकेत २००८ सालचा आहे, पण तोही आयुर्विम्याला लागू नाही. आपल्याकडे विमा नियामकाने मार्च २०१८ मध्ये आरोग्य विमा कंपन्यांना, जनुकीय आजार म्हणून दावे नाकारू नका, असं बजावलं. विम्याच्या फॉर्मवर जे विचारलंय त्याचं खरं उत्तर द्या, न विचारलेलं लिहीत बसू नका, आणि 'वाहक'च्या जागी 'रुग्ण' असं चुकूनही लिहू नका.

आमचा डीएनए परदेशात जातो का?

परदेशी भागीदार असेल तर अभ्यासाला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. तो क्रमांक विचारा. ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी नमुना वापरायचा, यावर मी अडून बसते, त्याला कारण आहे. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनमध्ये राहणाऱ्या हवासुपाई लोकांनी १९९० पासून मधुमेहाच्या संशोधनासाठी रक्त दिलं. ते मानसिक आजार आणि त्यांच्या मूळ वंशाच्या अभ्यासांतही वापरलं गेलं. अनेक वर्षांच्या भांडणानंतर २०१० साली ते संशोधन करणाऱ्या अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठाने ७ लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं.

नाव काढून घ्यायचं असेल तर कधीही काढता येतं, कारण द्यावं लागत नाही. उरलेला नमुना नष्ट करायला सांगा आणि तसं लेखी घ्या. आधीच छापून गेलेल्या निष्कर्षांतून मात्र तुमची माहिती मागे घेता येत नाही.

पैसे लागतील का? व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता का?

अभ्यासाने कळवलेला निकाल, खात्रीची तपासणी आणि समुपदेशन यांचे पैसे सहभागीकडून घेणं मला चूक वाटतं. संमतीपत्र घेतानाच ते विचारून ठेवा. पुढे कुठल्या ओपीडीत, कोणत्या दिवशी, कुणाला भेटायचं, हे लिहून दिल्याशिवाय निकाल हातात ठेवणं म्हणजे माणसाला चौकात सोडून देणं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर निकाल पाठवू नये. तुमचा फोन घरात किती जण उघडतात, ते तुम्हालाच ठाऊक. आणि 'तुमच्या डीएनएत कॅन्सर निघालाय, पैसे भरा, ओटीपी सांगा' असा फोन आला तर तो अभ्यासाचा नाही. फोन ठेवा आणि संमतीपत्रावरच्या नंबरवर स्वतः फोन करा.

हा कागद ठेवू कुठे?

बहुतेक घरांत तो रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत जातो, विजेच्या बिलासोबत. जागा वाईट नाही, कारण ती पिशवी हरवत नाही. फक्त निकाल वेगळ्या पाकिटात घाला, वर तारीख आणि प्रयोगशाळेचं नाव लिहा, आणि एक झेरॉक्स अशा माणसाकडे ठेवा ज्याला तुम्ही स्वतः सांगितलंय. दोन-तीन वर्षांनी तो कागद घेऊन पुन्हा या; 'अर्थ अनिश्चित' असं जे लिहिलं होतं त्याचा अर्थ तोवर लागला असू शकतो. मुलगी लग्न होऊन पुण्याला किंवा रायपूरला गेली, तर तिच्या बॅगेत तिची प्रत असू द्या.